आमच्या मांजराचा विमा

टाउनशिपमध्ये हेवा करण्यासारखं काही नसतं, असं बाहेरच्यांना वाटतं. सगळ्यांच्या भिंतींना तोच पिवळट रंग, सगळ्यांच्या मोरीत तोच नळ, नळ गळला की सिव्हिल खात्याचा तोच माणूस आणि आजारी पडलं की कारखान्याचं तेच हॉस्पिटल. माझा अनुभव नेमका उलटा आहे. सगळं सारखं असलं की जे एवढंसं वेगळं असतं, तेच डोळ्यांत खुपतं. माझ्या डोळ्यांत समोरच्या क्वार्टरमधली बाई खुपायची.

जिना चढून आलं की डावीकडे आमचं दार, उजवीकडे त्यांचं. तिचे यजमान आणि माझे एकाच ग्रेडचे, फक्त तिचे वयाने मोठे. आम्ही नोकरीपायी नाशिकहून भोपाळला आलेलो, ती इंदूरची. माझे यजमान म्हणायचे, "आपलं मराठी शुद्ध आहे, पण त्यांचं ऐकायला गोड वाटतं." हे त्यांनी एकदाच म्हटलं, पण मी ते विसरले नाही. तिच्या कुंडीतला मोगरा लदबदून फुलायचा, माझ्या कुंडीतला नुसता पानं काढायचा. भाजीवाला तिला कोथिंबीर न मागता द्यायचा. आणि तिच्याकडे एक लॅब्रेडॉर कुत्रा होता, बिस्किटाच्या रंगाचा, इतका शहाणा की मला त्याचाही राग यायचा.

माझ्याकडे मांजर होतं. खाली स्कूटरच्या शेडमध्ये सापडलेलं, डोळेही नीट न उघडलेलं. मी तिला ड्रॉपरने दूध पाजून जगवलं, त्या थंडीत माझ्या शालीत घेऊन बसले. नाव काही ठेवलं नाही, नुसतं "ए बाई" म्हणायचो आणि तीही तेवढ्याला वळून बघायची. माझी म्हणावी अशी त्या घरात तीच एक गोष्ट होती. यजमान कारखान्याचे होते, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता, आणि क्वार्टर तर काय, निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करायचीच होती.

आणि हीच मांजरबाई, डोळे उघडून चालायला लागल्यावर, जिना ओलांडून सरळ समोर गेली.

कुत्र्याची एक निळी गादी होती. दुपारी कुत्रा त्यावर आडवा व्हायचा आणि माझं मांजर त्याच्या पोटाशी वळकटी करून झोपायचं. मी जेवण वाढून हाका मारायचे. समोरून आवाज यायचा, "वहिनी, ती इथे झोपून राहिली आहे, उठवू का?" मी म्हणायचे, "राहू द्या हो." आत येऊन ताटली जोरात आपटायचे.

आमच्याकडे एक पद्धत होती. हळदीकुंकू, गणपती, भंडारा, काही असलं की सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची, म्हणून प्रत्येकाच्या पातेल्याच्या बुडाला लाल ऑइलपेंटने क्वार्टर नंबर घातलेला असायचा. बादल्यांवर, खुर्च्यांवर, कुणाकुणाच्या छत्रीवरसुद्धा. मी मांजरासाठी कापडी पट्टा शिवला आणि त्यावर लाल दोऱ्याने आमचा नंबर भरला. आता ती कुठेही झोपू दे, नंबर माझा होता. समोरची म्हणाली, "अय्या, किती छान! माझ्या कुत्र्यालाही बनवून द्या ना." मी बनवून दिला. टाके जरा मोठे घातले.

मग एका सकाळी भाजीच्या गाडीशी ती म्हणाली, "वहिनी, आम्ही ना कुत्र्याचा इन्शुरन्स करवून घेतला."

माझ्या हातातली गिलकी तशीच राहिली. टाउनशिपमध्ये आजारपणाचा विमा हा प्रकार कुणाला ठाऊकच नव्हता. आमचं सगळं हॉस्पिटलच्या पुस्तकावर. पुस्तकात यजमानांच्या नावाखाली आमची नावं, पुस्तक दाखवलं की गोळ्या. माणसांना कधी विमा लागला नाही आणि ह्यांच्या कुत्र्याला लागला! मी हसून म्हटलं, "बरं झालं," आणि घरी येऊन यजमानांना सांगितलं, "आपल्या मांजराचा विमा उतरवायचा."

"कशाला?" ते म्हणाले. "तिला काय झालंय?"

"काही झालं नाही तेव्हाच उतरवतात."

शहरातल्या एम.पी. नगरमधल्या एका एजंटचा नंबर मला समोरचीनेच दिला. यजमानांनी फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "डिपेंडंट किती धरता?" आमच्या आयुष्यात कव्हर या शब्दाचा अर्थ एवढाच होता: एक नोकरी आणि तिच्याखाली जेवढी माणसं लिहिता येतील तेवढी. एजंट म्हणाला, "सर, यहाँ एक जानवर, एक पॉलिसी." यजमानांनी फोन माझ्याकडे दिला.

पुढे मी या विषयात अशी घुसले की मुलाच्या बारावीतही घुसले नव्हते. कुत्र्यांसाठी पॉलिसी विकणारे बरेच निघाले, मांजरांसाठी थोडे. ते ऐकूनच माझा तिळपापड झाला. मांजराचा हप्ता कुत्र्यापेक्षा कमी निघाला. स्वस्त पडतंय म्हणून आनंद व्हायला हवा होता, मला अपमान वाटला. जात कोणती, एजंटने विचारलं. मी म्हटलं, "देशी." तो म्हणाला, "कोई बात नहीं." हे "कोई बात नहीं" मला बरेच दिवस टोचत होतं.

समोरचीने आपली पॉलिसी मोबाइलवर मला उघडून दाखवली, सरळ मनाने. तिला काही लपवायची सवयच नव्हती आणि त्याचाही मला त्रास व्हायचा. मी तिची एकेक अट वाचून माझ्याशी ताडून पाहिली. कुत्रा मेला तर, चोरीला गेला तर, कुणाला चावला आणि त्या माणसाने भरपाई मागितली तर, हे सगळं तिच्यात होतं. ऑपरेशन नव्हतं. मी ऑपरेशनवाली घेतली. तो कुत्रा जन्मात कुणाला चावणार नव्हता आणि माझं मांजर भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ओरबाडून बसलं होतं, म्हणून चावण्या-ओरबाडण्याचंही घेतलं. आधीपासूनचा आजार चालत नाही, लशी वेळेवर हव्यात, सुरुवातीचे काही दिवस आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, वय वाढलं की नवी पॉलिसी कुणी देत नाही, हे सगळं मला पाठ झालं. हबीबगंजजवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडून लशींचा दाखला आणला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, माझ्या नोकरीचं काय चाललंय ते तू विचारलंच नाहीस."

एक अट मात्र मी पुन्हा पुन्हा वाचायचे. चोरीला गेलं तर भरपाई होती. आपणहून निघून गेलं तर नव्हती.

"मग काय उपयोग?" मी एजंटला विचारलं.

"मैडम, अपनी मर्ज़ी से गया तो हम क्या करें?" तो म्हणाला. त्याचं खरं होतं, म्हणूनच ते मला लागलं.

फोटो काढायला तो घरी आला. मालकासोबत, राहत्या पत्त्यावर, जनावराचा फोटो हवा असं त्याच्या कंपनीचं म्हणणं होतं. मी चांगली साडी नेसले होते. मांजर घरात नव्हतं. एजंटने आमच्या दारातून समोर पाहिलं. त्यांचं दार उघडं होतं आणि निळ्या गादीवर, कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून, माझा लाल नंबर गळ्यात घालून ती झोपली होती.

मी पट्ट्यावरचा नंबर दाखवला. आमच्याकडे ओळख म्हणजे नंबर, त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही. पण तो शहरातला माणूस. म्हणाला, "मैडम, पट्टा तो कोई भी पहना सकता है. बिल्ली सामने वालों की लग रही है."

कानशिलं तापली माझी. त्यात मी तिला उचलायला गेले तर ती फिस्कारली आणि माझ्या मनगटावर लाल रेघ ओढली. तेवढ्यात समोरची हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने एका नजरेत सगळं ओळखलं.

"नहीं भैया," ती म्हणाली, "इन्हीं की है. इन्होंने ही तो ड्रॉपर से दूध पिलाके बड़ी की. हमारे यहाँ बस सोने आती है."

आणि मांजराला उचलून ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात ती लोण्यासारखी सैल पडली होती. मी घ्यायला गेले की आक्रसायची. शेवटी एजंट म्हणाला, "ऐसा करते हैं, आप पास में खड़े रहिए." म्हणून आमच्या पॉलिसीवरच्या फोटोत मी आहे, चांगल्या साडीत, दातओठ खात हसणारी. मधे मांजर. आणि मांजराच्या खाली दोन हात आहेत, हिरव्या बांगड्यांचे. ते माझे नाहीत.

त्या दिवशी ती भांडली असती, "आमच्याकडेच असते हो," म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने मांजर मला देऊन टाकलं. माझंच मांजर माझं आहे हे ठरायला तिची साक्ष लागली. त्यानंतर मी तिच्याशी जास्त गोड बोलायला लागले आणि मनातून जास्त जळायला लागले.

मग तिचे यजमान निवृत्त झाले. आमच्याकडे निवृत्ती म्हणजे सामान बांधणं आलंच. ती मंडळी इंदूरला त्यांच्या घरी निघाली. खरं सांगते, मला आनंद झाला. गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता इतका. फक्त मांजर ट्रकमध्ये घुसेल ही धास्ती होती. ट्रक आला त्या सकाळी मी तिला न्हाणीघरात कोंडलं आणि वर रेडिओ लावला, म्हणजे तिचं ओरडणं जिन्यात ऐकू जाऊ नये. ती त्यांच्यामागे गेली असती तर त्याला चोरी म्हणता येणार नव्हतं. आपणहून जाणं मला परवडणार नव्हतं.

समोरची निरोपाला आली. तिने मांजराबद्दल काहीच विचारलं नाही. न्हाणीघराच्या दाराकडे एकदा बघितलं फक्त. मग काखेतली निळी गादी पुढे केली. "ही ठेवा वहिनी. हिला ह्याच्यावरच झोप लागते. आमच्याला मी नवी घेईन."

मी गादी घेतली.

पहिल्या दिवशी मांजर त्या गादीवर झोपलं. माझ्या घरात, माझ्या खाटेशेजारी. मी यजमानांना दाखवलं, "बघा." दुसऱ्या दिवसापासून तिने खाणं सोडलं. दूध, मासे, उकडलेलं अंडं, सगळं ताटलीत तसंच. संध्याकाळी कुत्र्याला फिरवून आणायची जी वेळ होती त्या वेळेला ती उठायची, समोरच्या कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन बसायची आणि अंधार पडला की परत यायची. पाठीची हाडं हाताला लागायला लागली. मी रिक्षा करून तिला हबीबगंजला नेलं. डॉक्टरने पोट दाबलं, तोंड उघडून पाहिलं, रक्त तपासलं. "शरीर में कुछ नहीं है," म्हणाला. "घर में कोई गया है क्या?"

"नाही," मी म्हटलं. "घरातलं कुणी नाही गेलं."

एजंटला फोन केला. ऑपरेशनचं कव्हर होतं, ओरबाडण्याचं होतं. पण आजार म्हणून ज्याला नाव नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत असं तो म्हणाला. पैशांचं मी विचारतच नव्हते. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की काय केलं तर ती वाचेल, आणि ते सांगणारी बाई इंदूरला होती.

दोन दिवस मी फोन हातात घेऊन ठेवून देत होते. शेवटी लावला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "ती जेवत नाही."

ती पलीकडून म्हणाली, "वहिनी, फोन स्पीकरवर टाका. तिच्याजवळ ठेवा."

मी फोन गादीशेजारी ठेवला. तिकडून तिचा आवाज आला, "ए बाई, काय गं, नाटकं करून राहिलीस?" आणि मागून कुत्रा भुंकला. मांजराचे कान उभे राहिले. ती उठली, फोनभोवती दोनदा फिरली, त्याला डोकं घासलं. मग ताटलीशी गेली आणि खायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडले, आनंदाने म्हणावं तर तसंही नाही.

आता तिची पाठ पुन्हा भरली आहे. पॉलिसीचं नूतनीकरण झालं. एजंटने फोनवर विचारलं, मालक तेच, पत्ता तोच? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग फोटोही जुनाच चालेल.

रोज संध्याकाळी मी ताटली वाढते आणि मग इंदूरला फोन लावते. तिकडून भुंकणं ऐकू आलं की मांजर जेवायला लागतं. मी शेजारी बसून असते. जेवून झालं की फोनवरून समोरची विचारते, "वहिनी, जेवली का तुमची लेक?"

"हो," मी म्हणते, "जेवली."