चुना आणि खत एकाच दिवशी

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीतली माती आंबट. नुसती कसली तर कोबी मुठीएवढाही गड्डा धरत नसे. म्हणून नेम ठरलेला: ऑक्टोबरात चुना पसरायचा, बर्फाबरोबर तो मुरू द्यायचा, मग मे महिन्यात मेंढ्यांचं कुजलेलं खत घालायचं. ज्याच्या वाफ्यावर पांढरं दिसलं तो वसंतात इथंच असणार, हे साऱ्या खाडीला कळे.

नवरा गेल्यापासून आंधळ्या सासूचं, केझायाबाईंचं, थर्झाच सगळं करत होती. देवाने जमिनीलासुद्धा सातव्या वर्षी विसावा सांगितलाय. थर्झाला हे करताना अकरावं लागलं होतं. सेंट जॉन्स शहरातून बहिणीचं पत्र आलं होतं: खोली आहे, काम आहे, गुरुवारच्या बोटीने ये. शेजारची हुल्डा सासूला बघायला तयार होती, पण बाग तिच्याने होणार नव्हती. आणि सासूला सांगायला थर्झाची जीभ रेटत नव्हती.

हुल्डाच्या नवऱ्याने, अँब्रोजने, चुन्याचं पोतं दारात टाकलं. "घे वहिनी. चुना आला म्हणजे तू काही कुठं जात नाहीस."

"कोबी खायच्या वेळी बरी आठवण होते माझी, भावजी."

मंगळवारी तिने ठरवलं, दोन्ही आत्ताच घालून टाकावं, म्हणजे मागे काम उरणार नाही. चुना पसरला, त्यावर वर्षभर साठवलेलं सगळं खत ओढलं, फावड्याने कालवलं, तरी वाफा वरून पांढुरकाच राहिला. दुपारी ऊन पडलं आणि नाकात झिणझिण्या आणणारा वास खिडकीतून आत गेला.

"थर्झा." सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "चुन्याने खताचा जीव वाऱ्यावर चाललाय. दोन्ही एकदम घातलंस?"

"हो, आई."

"मेचं काम ऑक्टोबरात उरकायची घाई तुला कधी नव्हती. कधी निघणार होतीस?"

"गुरुवारी."

सासूबाई सुयांची टोकं चाचपत राहिल्या. "जा. मी अडवत नाही. हुल्डाला तेवढं सांग, यंदा कोबी धरणार नाही. खारा मासा आहेच. मला आता लागतं तरी किती."

रागावल्या असत्या तर थर्झा त्याच पावली निघाली असती.

गुरुवारी बोटीचा भोंगा झाला तेव्हा ती अँब्रोजच्या मेंढवाड्यात होती.

"मेपर्यंत दोन टोपली खत बाजूला ठेवाल का, भावजी?"

"ठेवतो की," तो म्हणाला. "वाफा पांढरा दिसला तेव्हाच म्हटलं, वहिनी राहिली."