लीड्समधला देवगिरीचा पाडाव

देवगिरीचा राजा हरला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या साहेबांना ते मान्य नव्हतं, एवढंच.

ऐंशीच्या दशकात मी लीड्सच्या एका हॉस्पिटलात सर्जरीचा रजिस्ट्रार होतो आणि साहेब माझे कन्सल्टंट, म्हणजे थेट वरचे सर्जन. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत या राजावर नाटक ठरलं. राजा कोण, यावर चर्चा झालीच नाही. मंडळाची रीतच तशी: हॉस्पिटलात जो वर, तो रंगमंचावरही वर. अभिनय वगैरे किरकोळ बाबी ज्युनिअर लोकांकडे. म्हणून साहेब राजा, भूल देणारे दोघे डॉक्टर त्याचे प्रधान, आणि ज्याच्यासाठी कुणीही टाळी वाजवणार नाही असा दिल्लीचा सरदार मी.

साहेबांनी फक्त स्वतःची वाक्यं पाठ केली होती. त्यामुळे राज्य गेल्याची बातमी त्यांना थेट रंगीत तालमीत कळली.

"मुकुट काढून मी याला द्यायचा?" मी पेशंटच्या पोटात कात्री विसरून आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, राजा हरला होता," वहिनी म्हणाल्या. साहेबांच्याच पत्नी, आणि आमच्या दिग्दर्शिका. "वेढा पडला आणि गडावरच्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं. सैन्याने काय मीठ खायचं?"

"मग ड्रॉ करू."

"इतिहास आहे तो, टेस्ट मॅच नाही!"

तालीम संपताच साहेब बाहेर पडले. पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं. "तुझ्या रेफरन्सचं माझ्या लक्षात आहे हं. उद्या मुकुटाला हात लावू नकोस."

माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. साहेबांनी चांगला शब्द टाकला नाही, तर बायको, तान्ही मुलगी आणि प्रेशर कुकर घेऊन मी परत पुण्याला. दुसऱ्या दिवशी विंगेत वहिनींनी माझा शेला सारखा करत सांगितलं, "मुकुट घेतल्याशिवाय आत यायचं नाही." माझ्या कोंडीपुढे त्या राजाची कोंडी काहीच नव्हती. त्याला एकच शत्रू होता.

चर्चचा हॉल खचाखच भरलेला. गोण्या फुटल्या, मीठ सांडलं, प्रधानांनी हंबरडा फोडला. मी गरजलो, "राजा, मुकुट उतरव!"

राजा हाताची घडी घालून उभा. मी पुन्हा गरजलो. राजा छताकडे बघू लागला. पहिल्या रांगेतून एका इथेच जन्मलेल्या नातवाने विचारलं, "आजी, तो राजा का नाही हरते?"

आणि मला सुचलं! ऑपरेशन संपलं की साहेब मागे सरत, दोन्ही हात पुढे धरत, मान खाली घालत, आणि मागून कुणीतरी त्यांचा गाऊन नि टोपी सोडवत असे. वर्षानुवर्षांची सवय. मी सरदाराची चाल सोडली, हळूच त्यांच्या मागे गेलो आणि ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात म्हणालो, "शेवटचा टाका झाला, सर."

साहेबांचे हात आपोआप पुढे आले. मान झुकली.

"थँक यू, एव्हरीबडी," राजा म्हणाला.

मी मुकुट काढून घेतला. हॉल टाळ्यांनी दणाणला. वहिनी विंगेत खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या, आणि ते राज्य गेल्याच्या दुःखाने नक्कीच नव्हतं.

सोमवारी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. बायकोने तोवर सूटकेस खाली काढलीही होती.

"कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात जागा आहे," ते म्हणाले. "मी तुझी इतकी स्तुती केली आहे की ते तुला नको म्हणूच शकत नाहीत. पुढच्या गणपतीआधी जॉइन हो."

दिल्लीचे बादशहा फार पराक्रम करणाऱ्या सरदाराला लांबच्या सुभ्यावर पाठवत, असं म्हणतात. हरलेल्या राजालाही ते जमतं, हे मात्र मी कॉव्हेंट्रीत स्वतःच्या पगारावर जगून पाहिलं. मुलगी तिथेच शाळेत गेली. साहेबांनी पुढल्या वर्षीचं नाटक मात्र आधी शेवटच्या पानापासून वाचलं म्हणे.