‘थांब’ म्हणाला, म्हणजे काय म्हणाला?

“कॅन्सर लॅरिंक्समध्ये आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र, जिथून आपला आवाज निघतो तो भाग. दानिएल, माझा नवरा, शांत बसून ऐकत होता. टेक्सासमधल्या अर्विंग गावातल्या आमच्या छोट्याशा मराठी चर्चमध्ये पेटी घेऊन गाणारा हा एकटाच.

“आवाज बसून किती दिवस झाले?”

त्यानं पाच बोटं दाखवली. पाच महिने.

“मग आधी का नाही आलात?”

मी पर्सची चेन उघड-बंद करत राहिले, कारण उत्तर माझ्याकडे होतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष देतात. देवानं कसं तारलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. ही पण साक्षच आहे, पण ऐकून कुणी हालेलुया म्हणणार नाही.

फेब्रुवारीत त्याचा आवाज बसला. टेक्सासमध्ये त्या दिवसांत ज्याचा-त्याचा घसा धरलेला असतो, त्यामुळे मी ॲलर्जीची गोळी आणि हळद-दूध सुरू केलं. मार्चमध्ये तो म्हणाला, “अगं, गिळताना कानात कळ येते.” मी म्हटलं, “कानाचा आणि घशाचा काय संबंध?” असतो. हे मला आता माहीत आहे.

घरातल्या सगळ्या अपॉइंटमेंट मीच घेते. महत्प्रयासानं ईएनटीची, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची, गुरुवारची वेळ मिळाली. आणि गुरुवारीच गुड फ्रायडेच्या गाण्यांची शेवटची प्रॅक्टिस! गाणी मी निवडलेली, माणसं मी गोळा केलेली. अपॉइंटमेंट कॅन्सल करावी का, असं मी दानिएलजवळ बोलूनही दाखवलं होतं.

बुधवारी बायकांच्या प्रार्थनेआधी चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, फोन सायलेंट केला, त्यावर अपॉइंटमेंटचं पान उघडलं, डोळे मिटले आणि विचारलं, “प्रभू, काय करू?” मनात लख्ख एकच शब्द आला. थांब.

काय आनंद झाला म्हणून सांगू! हिच्याशी देव बोलतो, अशी चर्चमध्ये माझी ख्याती. बायका मला विचारून घरं घेत होत्या. थांब म्हणजे धीर धर, मी बरं करतो, असा अर्थ मी लावून टाकला.

डोळे उघडले तर फोनवर दानिएलचा व्हॉइसमेल. हा फोन मराठी बोलणं इंग्रजी समजून काहीबाही लिहून दाखवतो. ‘अगाथा टॉम्ब कॅन्सल’ आणि पुढे सगळा गोंधळ. हसूच आलं मला. त्यातलं कॅन्सल तेवढं कळलं. म्हटलं, बघा, त्यालाही तेच वाटतंय. व्हॉइसमेल न ऐकताच मी अपॉइंटमेंट कॅन्सल करून टाकली.

घरी येऊन सांगितलं, “देव थांब म्हणालाय.” तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान डोलावली. देवाचं नाव घेतल्यावर बिचारा काय बोलणार?

आवाज काही परतला नाही, शेवटी डॉक्टर गाठले आणि जुलैत बायोप्सी झाली, म्हणजे तुकडा काढून तपासतात ती. मग स्कॅन. गाठ खूप पसरली होती. “लॅरिंजेक्टॉमी करावी लागेल,” सर्जन म्हणाले. म्हणजे स्वरयंत्रच काढून टाकायचं आणि श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक ठेवायचं. त्याला स्टोमा म्हणतात. “चार महिन्यांपूर्वी कदाचित नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं,” तेही त्यांनी सांगितलं.

ऑपरेशन चालू असताना वेटिंग रूममध्ये न राहवून मी रूथला, आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला, सगळं सांगितलं. ती इथेच जन्मलेली, मराठी ऐकते आणि इंग्रजीत बोलते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बट आई, थांब मीन्स स्टॉप ऑर वेट?”

गाडीत एका हातात फोन आणि बोट कॅन्सलच्या बटणाशी, असं बसलेल्या बाईला कुणी थांब म्हटलं, तर त्याचा अर्थ काय होतो?

गाठ पूर्ण निघाली. दानिएल आहे, जेवतो, हसतो, त्याबद्दल देवाचे आभार मानते. बोलायचं असलं की गळ्याला एक यंत्र लावतो आणि त्यातून एका सुरातला आवाज येतो. पेटी वाजवतो, गात नाही.

तुमच्या घरात कुणाचा आवाज दोन-तीन आठवडे बसलेला असेल, तर आधी डॉक्टर गाठा. प्रार्थना गाडीत बसून जाता-जाताही करता येते.

ऑक्टोबरमध्ये रूथ म्हणाली, बाबाचा आधीचा आवाज कुठे असेल तर सेव्ह करू. म्हणून मी जुने व्हॉइसमेल एकेक ऐकायला बसले. दूध आण, रूथला घे, चावी विसरलो. मग तो बुधवारचा आला. बसलेला, खरखरीत आवाज.

“अगं, थांब. कॅन्सल करू नकोस. मला भीती वाटतेय गं.”

वेळ बघितली. मी डोळे मिटून गाडीत बसले होते, तेव्हाचीच होती.

आता मला बोलवायचं असलं की दानिएल टेबलावर दोनदा टकटक करतो. मी हातातलं टाकून जाते. प्रार्थनेला बसलेली असले तरी उठते.