मंदाबाईंचे मांडे आणि न हलणारी वेबसाइट

जळगावात मेहरूणला तलावाकडे जायच्या रस्त्यावर कोणालाही विचारा, मंदाबाईंचं घर कुठलं. तो तुम्हाला घर दाखवायच्या आधी त्यांचा मांडा केवढा असतो ते दोन्ही हात पसरून दाखवेल. खापरावरची पुरणाची पोळी ती. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, कणकेचा गोळा पुरणासकट दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत ताणायचा आणि झपकन खापरावर टाकायचा. बघणाऱ्याचा श्वास अडकतो, मंदाबाईंचा अडकत नाही. त्या तेवढ्यात शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं तेही सांगून मोकळ्या होतात.

चोपन्न वर्षांच्या, ठेंगण्या, दंडावर कायम पीठ. तीस वर्षं त्या मागणीप्रमाणे मांडे करून देतात. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं असतातच, पण खरी धमाल आखाजीची. अक्षय्य तृतीयेला खानदेशात सासरी गेलेल्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, आणि आमरसाबरोबर खापराचा मांडा पडला नाही तर लेकीला माहेरी आल्यासारखं वाटत नाही. सगळ्यांच्या लेकींना मांडा पुरवता पुरवता एका लेकीचं मात्र राहून जायचं. ती लेक मंदाबाईंची स्वतःची.

रूपा तिचं नाव. धुळ्याला दिलेली. दर आखाजीला यायची आणि दिवसभर आईची पाठच बघायची. पुढून आई चुलीला, खांद्याशी फोन, "हो अक्का, तुमचे झाले, पाठवा कोणाला तरी." मागच्या आखाजीला रूपा संध्याकाळच्या बसला निघाली तेव्हा मंदाबाई हात धुऊन धावत फाटकाशी आल्या. रूपा चिडलेली नव्हती, हेच वाईट. तिने शांतपणे सांगितलं, "माय, पुढच्या आखाजीला तू माझ्याशेजारी बसून जेवणार असशील तर येते. नाही तर मी धुळ्यालाच बरी." आणि गेली. मंदाबाईंनी त्या दिवसापासून ते वाक्य पोटात ठेवलं होतं. ते काही पचेना.

यंदा होळी झाली तशी त्यांनी सुनेपाशी विषय काढला. सून मयुरी, कुंदनची बायको, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, सासूला आत्या म्हणणारी. तिने हिशेब झटक्यात लावला. आत्यांचा निम्मा वेळ मांड्यांत जातो आणि निम्मा फोनवर. फोन काढून टाका, आखाजीची दुपार मोकळी. म्हणजे वेबसाइट करा.

झालं! धुळ्याहून भूपेंद्र आला. हा मयुरीचा मावसभाऊ, वेबसाइटी बनवणारा. तोंड एवढं चालू की चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून तळाला गेलं तरी याचं बोलणं संपेना. त्याने सांगितलं की वेबसाइट दोन जातीची असते. एक स्टॅटिक. एकदा लिहिलं की लिहिलं. मंदाबाईंचा फोटो, खापराचा फोटो, फोन नंबर. कोणी कधीही उघडा, तेच दिसणार. दुसरी डायनॅमिक. ती जिवंत. येणारा तिच्यात मागणी लिहितो, ती लक्षात ठेवते, बेरीज करते आणि तुमची मर्यादा भरली की आपणहून दार लावून घेते. पहिली स्वस्त आणि बिनकटकटीची, दुसरीला सांभाळावं लागतं.

मंदाबाईंनी एकच विचारलं, फोन कोणती उचलते? भूपेंद्र म्हणाला, पहिलीत फोन तुमच्याकडेच येणार, दुसरीत फोनची गरजच नाही. "मग दुसरी," मंदाबाई म्हणाल्या आणि त्याच्या बशीत आणखी शेव वाढली.

पुढचे पंधरा दिवस घराला जे उधाण आलं ते विचारूच नका. भूपेंद्रने पहिल्या पानावर खापर गरगर फिरतं ठेवलं. शेजारपाजारच्या बायका फिरतं खापर बघायला यायच्या, बघून हसायच्या, चहा पिऊन जायच्या. मंदाबाईंनी मात्र हुकूम सोडला की खापर थांबवा, फिरत्या खापरावरचा मांडा खाली पडतो. थांबवलं. मग फोटो काढायचा, तर मंदाबाई नवीन लुगडं नेसून, पावडर लावून चुलीपुढे बसल्या आणि पहिल्यांदाच आयुष्यात मांडा फाटला. कुंदन घरातल्या घरात खोट्या मागण्या लिहून बघायचा आणि पलीकडच्या खोलीत मयुरीच्या मोबाइलवर टिंग वाजलं की दोघं लहान पोरांसारखी टाळ्या पिटायची. खुद्द मंदाबाईंनी रूपाला फोन करून आता सगळं सोपं झाल्याचं ऐकवलं, "आते बठ्ठं सोपं शे, तू फक्त ये." रूपा "बघू" म्हणाली. एवढ्या "बघू"वर मंदाबाई दोन दिवस तरंगत होत्या.

तीन खापरं, मदतीला दोन बायका. आखाजीला दिवसभर राबलं तरी दीडशे मांड्यांच्या वर जमायचं नाही, म्हणून मर्यादा दीडशेवर लावली. दहा दिवस आधी वेबसाइट उघडली. टिंग, टिंग, टिंग. जळगाव, पाचोरा, भुसावळ. चौथ्या दिवशी दीडशे भरले आणि वेबसाइटने स्वतःच दार लावलं. फोन गप्प. इतका गप्प की मंदाबाईंनी तो दोनदा कानाला लावून बघितला, बिघडला की काय.

पाचव्या दिवशी सकाळी मोतीलाल नाना दारात. पासष्टीचे, पांढरं धोतर, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. ओट्यावर बसले आणि पाणीही नको म्हणाले. नातवाने मोबाइलवर बघून सांगितलं, मंदाबाई बंद झाल्या. त्यांच्या तीन लेकी येणार आहेत आणि मंदाबाईंच्या मशीनने त्यांना दारातून परत पाठवलं. "माझी काय चूक झाली ते तर सांग," एवढंच ते म्हणाले. तीस वर्षांत या घरातून कोणी आखाजीला रिकामं गेलं नव्हतं. मंदाबाईंनी नानांना शब्द दिला, तुमचे मांडे होतीलच, आणि मयुरीला म्हणाल्या, ती यादी वाच गं.

मयुरी वाचायला लागली. भुसावळच्या प्रमिलाबाई, एकवीस मांडे.

"एकवीस?" मंदाबाईंनी भुवया चढवल्या. प्रमिलाबाईंचं घर त्यांना पाठ होतं. त्या घराला दरवर्षी नऊ लागतात. दहावा केला तर दुसऱ्या दिवशी गायीला जातो. त्यांनी मोबाइल हिसकून प्रमिलाबाईंना फोन लावला. त्या मोकळेपणाने म्हणाल्या की हो, यंदा धाकट्या लेकीच्या नणंदाही येणार आहेत, माणसं एकवीस.

आणि मंदाबाई खो खो हसत सुटल्या. अहो, मांडे कोणी मोजून मागतं का खानदेशात! मंदाबाईंना माणसं सांगायची, मांडे त्या ठरवणार, ही तीस वर्षांची रीत. माहेरवाशिणीला पुरा एक, पोरांना चतकोर, म्हाताऱ्यांना अर्धा, जुना जावई असला तर दीड, नवा असला तर एकच, कारण तो लाजतो, पण घरी न्यायला त्याच्या डब्यात एक वेगळा. वेबसाइटवर "किती मांडे" असं ठसठशीत लिहिलेलं होतं. लोकांनी ते वाचलंच नाही. मंदाबाईंचा फोटो दिसला आणि बोटांनी सवयीने घरातली माणसं लिहून टाकली. दीडशे माणसं! आणि ती धुळ्याची हुशार वेबसाइट दीडशे मांडे समजून कुलूप लावून बसली होती.

मग काय, मंदाबाईंनी पदर खोचला आणि एकेका घराला स्वतः फोन लावायला बसल्या. किती लेकी, किती पोरं, जावई जुना का नवा. मयुरी लिहीत होती, मोतीलाल नाना ओट्यावरून सल्ले देत होते, आता पाणीही प्यायले होते, वर चहाही. प्रत्येक फोनला आकडा खाली यायचा आणि तिघं हसायची. यादी संपत आली तेव्हा दीडशेचे सदुसष्ट झाले होते. मंदाबाईंच्या अंगात आलं. त्र्याऐंशी मांड्यांची जागा मोकळी! सगळे परत गेलेले बोलवायचे, कोणाला नाही म्हणायचं नाही. "काढ गं ते कुलूप," त्यांनी मयुरीला सांगितलं.

मयुरीने बोट नेलं आणि थांबली. एक नाव राहिलंय, म्हणाली. दोन मांडे. नाव लिहिलेलं नाही, नंबर आहे. मंदाबाईंनी तिला आकडे दाबायला लावले आणि त्याच भरात, कोण आहे ते न बघता विचारलं, "माणसं किती, सांगा पटकन."

"दोन," पलीकडून आवाज आला. "एक मी, एक तू."

रूपा होती.

"दुपारची ऑर्डर आहे, माय. जमणार नसेल तर आत्ताच सांग. मी रद्द करते, दुसऱ्या कोणाला तरी मिळेल."

मंदाबाईंचं हसू तिथेच थांबलं. मोतीलाल नानांनी कप खाली ठेवला आणि ते रस्त्याकडे बघायला लागले. त्र्याऐंशी मांडे म्हणजे आखाजीची दुपार गेली, आणि ती कोणी मशीनने नेली नव्हती. त्या आत्ता स्वतःच्या हाताने देऊन टाकत होत्या. दीडशेची मर्यादा सांगतानाही दिली होती. दरवर्षी अशीच दिली होती, फोनच्या डोक्यावर खापर फोडून. त्यांना रडू आलं आणि त्यांनी डोळे पुसलेही नाहीत.

"दोघींना एकच पुरतो," त्या शेवटी म्हणाल्या. "मोठा करते. ये."

फोन ठेवला. मयुरीने पुन्हा कुलपावर बोट नेलं. मर्यादा किती लावू, तिने विचारलं. मंदाबाईंनी मनाशी पहाटेपासूनचे तास मोजले आणि शंभर सांगितले. नानांचे धरून. शंभराच्या वर एकही नाही आणि बारा वाजता चूल बंद. दरवर्षीच्या ज्या घरांना मिळणार नाही त्यांना त्या स्वतः फोन करून सांगणार होत्या, आणि त्यांनी सांगितलंही. दोन अक्का रुसल्या, एकीने तर उलट विचारलं, कणीक किती सैल भिजवतेस गं, यंदा मीच करून बघते.

भूपेंद्रला निरोप गेला की पुढच्या वर्षासाठी ही जिवंत वेबसाइट काढ आणि ती पहिली, न हलणारी, बसव. फोटो, नंबर, आणि खाली एक ओळ: आखाजीच्या दिवशी दुपारी बारानंतर मंदाबाई कोणालाही भेटणार नाहीत. भूपेंद्र हळहळला. आत्याबाई, ही डायनॅमिकच राहू द्या, प्रश्न नीट विचारतो, माणसं किती असंच विचारतो, आणि ती ओळही तुम्हाला हवी तेव्हा बदलता येईल.

"तेच तर नको," मंदाबाई म्हणाल्या. "मी स्वतः येऊन सांगितलं तरी बदलता येऊ नये अशी कर."

आखाजीच्या दिवशी शंभरावा मांडा पावणेबाराला उतरला. साडेबाराला फोन वाजला. पाचोऱ्याच्या कोणी बाई होत्या, अर्जंट चार हवे होते, आणि मंदाबाईंशीच बोलायचं होतं.

मयुरीने स्वयंपाकघराच्या दारातून आत बघितलं.

"आत्या जेवायला बसल्यात," ती म्हणाली.