एका दातासाठी

गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे जुनी चादर दुमडून घातलेलं एक लांब टेबल आणि मागे कपड्यांची गाठोडी. सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणत. बोलायची कमी, पण एकदा नाही म्हणाली की मग नाहीच.

तिच्या थोरल्या मुलीचे दात तिसऱ्या वर्षीच किडले होते. झोपताना तोंडात दुधाची बाटली असायची, ती रात्रभर तशीच राहायची. समोरच्या दातांवर तपकिरी डाग दिसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दुधाचेच तर आहेत, पडणारच. नवऱ्याने मान डोलावली. मग एके सकाळी पोरीचा गाल टम्म फुगला, अंगात ताप चढला आणि सगळ्यांची धावपळ उडाली. शेवटी भूल देऊन समोरचे दात काढावे लागले. नवे येईपर्यंत पोर तोंडावर हात धरूनच बोलायची. शाळेत तिला 'म्हातारी' म्हणत. इस्त्रीवाली ते ऐकायची आणि गरम इस्त्री कापडावर जरा जास्तच जोराने दाबायची.

त्यामुळे धाकट्याला भरवताना चमच्याला काहीतरी टक्कन लागलं, तेव्हा बाकीच्यांसारखं कौतुक करत ती बसली नाही. हिरडीवरून बोट फिरवून तिने पाहिलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं की उद्या दुकान बंद, दातांच्या डॉक्टरकडे जायचंय.

नवरा हसत सुटला. एका दातासाठी? सासूबाई तर हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. पाचसहा वर्षांचा होऊ दे, तोंडभर दात येऊ देत, मग ने, असं त्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला. कपडे न्यायला आलेली शिक्षिकाही गमतीने म्हणाली, केसही कापून आणा मग, दोन आहेत ना डोक्यावर?

"हसा," इस्त्रीवाली घडी घालता घालता म्हणाली. "थोरलीच्या वेळी मी सगळ्यांचं ऐकलं. या वेळी माझं ऐकणार."

दवाखान्यातही तेच. नावं नोंदवायच्या खिडकीतल्या मुलीने बाळाकडे पाहिलं आणि तीन वर्षांचा झाल्यावर आणा म्हणून सांगितलं. इस्त्रीवालीने पोराला मांडीवर घेतलं आणि बाकावर बैठक मारली. मुलगी दोनदा बाहेर येऊन तिला समजावून गेली. ती हलली नाही. बाळाने भोकाड पसरलं, सगळे वळून पाहू लागले, तरी नाही.

शेवटी रडण्याचा आवाज ऐकून डॉक्टरबाईच बाहेर आल्या. काय झालं ते ऐकून त्यांनी आधी खिडकीतल्या मुलीकडे रोखून पाहिलं, मग इस्त्रीवालीला आत घेतलं. गुडघ्याला गुडघा लावून दोघी समोरासमोर बसल्या. बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं डॉक्टरबाईंच्या मांडीवर. बाळ बोंबलत होतं, त्यामुळे तोंड आयतंच उघडं मिळालं.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिला दात आला की आणायचं. नाहीच आला, तर पहिल्या वाढदिवसाच्या आत."

हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ होती. कीड अशीच सुरू होते, पण इथवर असेल तर थांबवता येते, असं त्यांनी सांगितलं. दातावर औषधाचा पातळ लेप लावला आणि विचारलं, याला गोड काही देता का? इस्त्रीवाली नाही म्हणाली, आणि तेवढ्यात तिला रबरी चोखणी आठवली. तिला दुकानात उशीर झाला की सासूबाई ती साखरेच्या पाण्यात बुडवून बाळाच्या तोंडात द्यायच्या.

घरी आल्या आल्या तिने चोखणी उचलली आणि कचऱ्यात टाकली. सासूबाई भडकल्या. मी चार पोरं वाढवली, त्यांना काय झालं? नवऱ्याने आईची बाजू घेतली, आवाज चढवला.

"आई, तुमचा मान मी ठेवते," ती म्हणाली. "पण याच्या तोंडात काय जाईल ते मी ठरवणार. पटत नसेल तर मी त्याला पाठीशी बांधून दुकानात नेईन."

आणि खरंच नेलं. इस्त्रीच्या उबेला पोर पाठीवर घामाघूम झोपायचं. गिऱ्हाइकं कुजबुजायची, नवरा घुम्यासारखा जेवायचा. ती रोज मऊ फडक्याने बाळाचा दात पुसायची, झोपताना बाटली द्यायची नाही. त्याने रडून घर डोक्यावर घेतलं तरी नाही. आठवडा सरला, तसं सासूबाईंना नातवावाचून करमेना. पोराला ठेव माझ्यापाशी, म्हणाल्या, नाही देत साखर.

पुढच्या तपासणीला त्या स्वतःहून सोबत निघाल्या, डॉक्टरबाईंची चूक पकडायला. रेघ वाढली नव्हती, कीड कुठेच नव्हती. सासूबाईंनी भिंगातून स्वतः पाहून घेतलं. मग डॉक्टरबाईंनी हसत विचारलं, आजी, तुमचेही दात बघू का? सासूबाईंनी ओठ असे गच्च मिटले, अगदी तिच्यासारखंच नाही म्हणजे नाहीच, की इस्त्रीवालीला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं मनापासून कौतुक वाटलं.