गटाचा चेक आणि अंगणातला मार

माझं उजवं मनगट थंडीत अजून ठणकतं. लिहिताना मधूनच पेन खाली ठेवावा लागतो. नातसून म्हणते, "आजी, तुमी बोला, मी लिहिते." पण हे मनगट ज्या दिवशी मोडलं त्या दिवसाचंच सांगायचंय, ते दुसरीच्या हाताने कसं लिहायचं? शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं मी बचत गटाच्या बैठकांत शिकले, त्यामुळे वेडंवाकडं झालं तर चालवून घ्या.

त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायका माझ्या धाकट्या जावेला मारत होत्या.

मी भाकरी थापत होते. आरडाओरडा ऐकून पिठाच्या हातानेच बाहेर पळाले. शेजारीच धाकटीचं अंगण. एकीने तिचे केस मुठीत धरून मान मागे ओढली होती, दुसरी पोटात लाथा घालत होती. बांगड्यांच्या काचा सारवलेल्या अंगणात रुतल्या होत्या आणि त्याच काचांवरून तिला फरफटत नेत होत्या. ती ओरडत नव्हती. ओरडत होत्या त्या मारणाऱ्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

ह्या सगळ्या आमच्याच गटातल्या, बरं का. एका ताटलीतला हरभरा खाणाऱ्या, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या.

झालं असं होतं. गटाने कर्ज काढून शेळ्या घेतल्या होत्या, विम्यासकट. मग साथ आली. सकाळी चरायला गेलेली शेळी संध्याकाळी दाराशी पाय ताणून पडायची. आमच्याकडे मावशी म्हणून एक विधवा बाई आहे, सगळी गल्लीच तिला मावशी म्हणते. तिची तर दावणच रिकामी झाली. विम्याचे पैसे येतील, नव्या शेळ्या घेऊ, ह्याच आशेवर सगळ्या होत्या. मानवतच्या बाजारात मावशीला विम्याचा माणूस भेटला. तो म्हणाला, "अहो, चेक केव्हाच दिला की तुमच्या कोषाध्यक्षांकडे." मावशी तशीच बँकेत गेली. गटाच्या खात्यात काही नाही. पैसे जमा झाले होते धाकटीच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या दिराच्या, खात्यात. तिथून ते जुन्या टेम्पोत गेले होते, आणि टेम्पोत मोटारसायकल घालून भाऊजीही गेले होते. चुडाव्याच्या स्टेशनाजवळ कुणीतरी त्यांना पाहिलं एवढंच कानावर होतं.

गटाची अध्यक्ष मी, कोषाध्यक्ष धाकटी. तिला आम्ही का निवडलं, ऐका. हिशेबात हुशार म्हणून नाही की सच्ची म्हणून नाही. तिच्या नवऱ्याकडे मोटारसायकल होती म्हणून. बँक मानवतला. एसटीने गेलं की दिवस मोडतो आणि रोजंदारीही बुडते. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, "हिला करा गं, हिचा मालक गाडीवर जाऊन येतो." झाली ती कोषाध्यक्ष. दस्तखत तिचं, फेऱ्या त्याच्या. बँकेतले लोक त्यालाच नमस्कार करायचे.

तर मी अंगणात घुसले. "काय करायलाव गं! जीव घ्यायलाव का तिचा?"

"बाजूला सर, अध्यक्षीणबाई!" एकजण माझ्यावरच धावली. "तुझी जाऊ हाय म्हणून कड घ्यायलीस. तुझ्याबी घरात आला आसंल ह्यातला घास!"

तेवढ्यात मावशीने धोंडा उचलला. मी पाहिलं. तिने तो नुसता भिरकावला नाही, दोन्ही हातांनी धरून मारला. धाकटीची भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला. मी तिच्या अंगावर आडवी पडले. वरून काठी आली ती माझ्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, दुखायला नंतर लागलं.

माझ्याखालून धाकटी म्हणाली, "बाई, उठा तुमी. मारू द्या त्यांना."

आमचे मालक ओसरीवर उभे होते. सख्ख्या भावाचं कर्म. जागचे हलले नाहीत. त्यांना मी पुढे बरंच सुनावलं, पण ते इथे नको.

धाकटीच्या भुवईला टाके पडले, माझ्या हाताला प्लास्टर. आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्या मिळून बँकेत गेलो, धाकटीला मधे घेऊन. तिला झरीला माहेरी पळून जाता आलं असतं. भाऊ न्यायलाही आला होता. ती गेली नाही. एसटीत बसवली तेव्हा बायकांनी तिला शेवटच्या सीटवर खेटून धरलं, चोराला धरतात तसं.

मॅनेजर साहेब तरुण, गोरागोमटा. त्याने खणातून एक कागद काढला. चेकच्या मागच्या बाजूची नक्कल. त्यावर गटाचा शिक्का आणि दस्तखत.

"ही सही तुमची?"

"व्हय. माझी."

"शिक्का?"

"मीच मारला."

"झालं तर मग," साहेब आमच्याकडे वळला. "तुमच्याच माणसाने लुबाडलंय तुम्हाला. बँक काय करणार? पोलिसात जा. हिच्यावर गुन्हा दाखल करा. लागेल ती मदत आम्ही करू."

एवढं कानावर पडायचा अवकाश, तिथेच सुरू झालं. मावशीने पायातली चप्पल काढून तिच्या तोंडावर हाणली. टाके उसवले, रक्त पार त्या गुळगुळीत फरशीवर. एकीने गळा धरला. रांगेतले लोक मोबाईल वर धरून उभे. वॉचमन मधे पडला तर त्याचीही टोपी उडाली. मी एका हाताने कुणाकुणाला ओढत होते.

आणि मग माझी नजर साहेबाकडे गेली.

त्याने तो कागद घडी करून खणात ठेवला, खणाला किल्ली लावली, आणि आलेला चहा पुढे ओढून बशीत ओतला. घाबरला नव्हता. रागावलाही नव्हता. आमची मारामारी त्याला अडचणीची वाटतच नव्हती. मी मनाशी म्हटलं, हिला आम्ही मारतोय ते ह्याच्या सोयीचं आहे. आम्ही हिच्या उरावर बसलो तोवर ह्याच्याकडे कुणी बघणार नाही.

"थांबा गं!" मी असं ओरडले की माझं मलाच नवल वाटलं. "साहेब, चेकच्या म्होरल्या बाजूला नाव कुणाचं होतं?"

"तुमच्या गटाचं."

"मग आमच्या भाऊजीच्या खात्यात कसा गेला?"

साहेबाने बशी खाली ठेवली. "अहो आजी, तो तुमचाच माणूस. नेहमी तोच येतो. तुम्हीच पाठवता त्याला."

खरंच होतं ते. पण बशीतला चहा तसाच टाकून त्याने खणाची किल्ली खिशात घातली, ते मी पाहिलं.

परभणीला एक वकीलबाई आहेत, माझ्या भाचीच्या ओळखीच्या. त्यांच्याकडे मी धाकटीला आणि मावशीला घेऊन गेले. दोघी दोन टोकांना बसल्या. वकीलबाईंनी विम्याच्या माणसाकडून मागवलेली चेकची पुढची बाजू पाहिली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्या दोन तिरप्या रेघा दिसल्या का? आणि मधली ही अक्षरं? ज्याच्या नावाचा चेक, त्याच्याच खात्यात पैसे टाका, असा हुकूम आहे हा बँकेला. मागे कोषाध्यक्षाने सही करो नाहीतर शिक्का मारो, बँकेला तो दुसऱ्याच्या खात्यात घालता येत नाही. बँकेने तो गटाला विचारल्याशिवाय घातला. पैसे बँकेला भरावे लागतील."

"अन् ही?" मावशीने धाकटीकडे हनुवटी उडवली.

"ही सांगेल काय झालं ते. म्हणून सांगते मावशी, हिला जिवंत ठेवा. पुन्हा हात लावाल तर बँकेचा वकील म्हणेल, गटाने हिला धमकावून बोलायला लावलं."

मावशी म्हणाली, "मग हिनं म्हणावं, दस्तखत माझं न्हाईच. खोटं हाय. म्हंजी झंझटच मिटलं."

तेव्हा धाकटी पहिल्यांदा तोंड वर करून बोलली. "दस्तखत माझंच हाय. हात मुरगाळून पाठीमागं नेला त्यानं, अन् म्हनला कर. मी केलं. शिक्काबी मारला. तेच सांगनार." तिने पदर सरकवून खांदा दाखवला. जुने वळ होते, काळे-पिवळे. आम्ही दिलेल्या माराच्या आधीचे. मावशीने ते पाहिले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

परभणीतच ग्राहकांचं कोर्ट आहे. तिथे अर्ज लागला. तारखा पडत गेल्या. मग धाकटीच्या जबाबाची तारीख जवळ आली आणि भाऊजी परत आले. मोटारसायकलवर. टेम्पो कुठे ठेवला ते देव जाणे.

आले ते सरळ घरात घुसले. मी पलीकडून ऐकत होते. "कोर्टात माझं नाव सांगनार व्हय? सांग! सांग आता!" आणि मग डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. मी हाक मारली, आणि बायका आल्या. त्याच बायका, त्याच काठ्या. आधी मावशी.

भाऊजींना त्यांनी अंगणात ओढलं. त्याच जागी. "वहिनी, सोडवा! वहिनी!" ते मला हाका मारत होते. ह्या दिराला मी लग्नात हळद लावली होती, त्यांच्या तापात रात्री काढल्या होत्या. त्यांचा दात पडला तो मी पाहिला. गुडघ्यावर काठी बसली ती पाहिली. मी दारात उभी राहिले, मोडलेलं मनगट पोटाशी धरून. आडवी पडले नाही. कुणी मला त्याबद्दल काही म्हणो.

थांबवलं ते धाकटीने. कपाळातून रक्त गळत होतं, भिंतीला धरून ती बाहेर आली.

"पुरे! मरंल त्यो. अन् त्यो मेला तर बँकवाला म्हनंल, पैसे खानारा गेला, आता मी कुनाला इचारू? जित्ता ठेवा त्याला. पोलिसाला बोलवा."

एक बाई हसली हो. रडत-रडत हसली. काठ्या खाली आल्या. मग धाकटी आत गेली, कुऱ्हाड घेऊन आली. सगळ्या मागे सरल्या. ती नवऱ्याला ओलांडून मोटारसायकलपाशी गेली आणि घाव घालत सुटली. टाकी, दिवा, सीट. पेट्रोलचा वास गल्लीभर झाला. कुणी अडवलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा मोडला तेव्हा थांबली.

निकाल आमच्या बाजूने लागला. कोर्टाने म्हटलं, सही होती हे खरं, पण चेक गटाचा होता आणि बँकेने तो डोळे झाकून दुसऱ्याच्या खात्यात घातला. सगळी रक्कम व्याजासकट बँकेने गटाला द्यावी, आणि तिला वसूल करायची तर खाणाऱ्याकडून करावी. भाऊजींवर पोलिसांचा खटला वेगळा चालू आहे. साहेबाची बदली झाली म्हणतात.

शेळ्या आल्या. मग कोषाध्यक्ष नव्याने निवडायची वेळ आली. कुणीतरी आपलं सहज म्हणालं, "अमकीला करा, तिच्या पोराकडं गाडी हाय." आणि सगळ्या जणी अशा बघायला लागल्या की बोलणारी बिचारी उठूनच गेली. धाकटीचं नाव मी घेतलं. ती नको म्हणाली. "मावशीला करा. तिच्याकडं सायकलबी न्हाई."

मावशीला दस्तखत जमतं, पण बँकेची चिठ्ठी भरता येत नाही. म्हणून धाकटी सोबत जाते. दोघी सकाळच्या एसटीने मानवतला जातात, दिवस मोडतो तर मोडू दे. एका सीटवर बसतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, मागच्या सीटवर होते. धाकटी खिडकीशी. वाऱ्याने पदर उडाला की भुवईवरचा वण उघडा पडायचा. मावशीने दोनदा हात लांबवून तिचा पदर नीट केला, आणि दोन्ही वेळा धाकटी अंग चोरून दचकली.