सटवाईच्या वकील वत्सलाबाई

पाचवीच्या पाटावर सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन मांडलं, की वत्सलाबाई आधी ते पेन स्वतःच्या तळहातावर ओढून बघायच्या. "बिचारी बाळाचं नशीब लिहाले येईन अन् पेनच चालनार नाही, तं काय करन?" पेन उमटलं की मगच हात जोडायच्या. त्या मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. नागपुरात बेसाला आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण सोसायटीत बाळ जन्मलं की अजून पहिली आठवण त्यांचीच निघते.

कुणी नशिबाच्या नावानं रडू लागलं की त्या खेकसायच्या, "रडून काहून राहिली वं? पुढं काय लिहिलं थे वाचलं का तू?"

माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी तिला उचलूनसुद्धा घेतलं नाही. पहिली मुलगी, दुसरीही मुलगीच. नणंदेला मूल नव्हतं. तिला ही देऊन टाकायची असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि पाचवीच्या दुसऱ्या दिवशी ये म्हणून तिला कळवलंही. नवरा "आईशी बोलतो" म्हणायचा आणि बोलायचा नाही. मी इतकी गळून गेले होते, की बाळाला छातीशी धरून नुसती पडून असे.

पाचवीच्या संध्याकाळी पूजा झाली आणि वत्सलाबाई पदर खोचून गोष्ट सांगायला बसल्या.

"एक होता मालगुजार, अख्ख्या गावाचा धनी. त्याले पोरगी झाली. पाचवीले सटवाई तिच्या कपाळावर लिहून राहिली होती, थे ह्यानं दाराआडून ऐकलं. ही पोरगी बापाच्या गादीवर बसन! ह्याले पाहिजे होता पोरगा. म्हणे, बसतेच कशी! दिली दूरच्या गावी एका गरीब विणकराले. तिथं ती सुताचा गुंता सोडवाले शिकली. वढाचं नाही, तोडाचं नाही, टोक सापडेपर्यंत दम धराचा. मोठी झाली तं लोकांची भांडनं बी तशीच सोडवे. इकडं मालगुजार म्हातारा झाला, पोरगा काही झाला नाही, अन् गावात डोकी फुटून राहिली. कोनीतरी म्हणलं, फलाण्या गावी एक शहाणी बाई हाय. ह्यानं आपली गाडी पाठवली अन् आपल्याच हातानं तिले गादीवर बसवलं. मंग समजलं, थे तं आपलीच पोरगी!"

सासूबाई म्हणाल्या, "गोष्टीत काहीही होते, वत्सलाबाई."

"गोष्टीतच काहून? मी तिसरी पोरगी. बापानं मले नागपूरच्या इतवारीतल्या मावशीले देऊन टाकलं. म्हणे, सुटलो. म्हातारपणी हातपाय गेले तवा कोनाकडं होता? माह्याकडं. मीच घास भरवला. पण मायले कोनी इचारलं नव्हतं. थे मरेपर्यंत झुरली." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुले बी कोनी इचारलं नाही ना? मी इचारतो. बोल वं."

माझा आवाज निघाला आणि चांगला मोठ्यानं निघाला. "माझी मुलगी कुठंही जाणार नाही."

दाराशी उभा असलेला नवरा म्हणाला, "बरोबर आहे." त्याच्या मानानं हेही पुष्कळ होतं.

मग सासूबाईंनी नणंदेला फोन लावला. "उद्या येऊ नको. बारशालेच ये. पोरगी काही भेटत नाही तुले."

तिकडून नणंदेचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मी कुठं मागितली होती, आई?"

वत्सलाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले, टाके दुखत असताना हसले. आनंदानं माझा ऊर नुसता भरून आला होता. या गडबडीत बाळ रडू लागलं, आणि मी उठायच्या आत सासूबाईंनी त्याला उचललं. थोपटलं, कुंची नीट केली, तोंडाकडे निरखून पाहिलं. पाजायला घ्यावं म्हणून मी हात पुढे केले, तर बाळाला आणखी जवळ ओढत त्या म्हणाल्या, "थांब वं जराशी. आत्ताच तं घेतली मी."